नऊ पावलं मागे

बागेच्या पश्चिम टोकाला एक बाक होता. त्यावर टेकलं की समोर तळं, आणि तळ्यापल्याड डोंगराची निळी कड, एका दमात ओढलेल्या रेघेसारखी. अक्काची लेक त्या डोंगरापलीकडे दिलेली. अक्का रोज संध्याकाळी यायची, डोंगराशी दोन शब्द बोलायची आणि उठायची. तिचा धाकटा भाऊ याच बागेत माळी.

एका उन्हाळ्यात ती कुरकुरली, "हा बाक आहे की तवा?"

"बस की! गुडघ्यांना शेक मिळतो फुकटचा."

"तूच शेकून घे मेल्या."

दुसऱ्या दिवशी माळ्याने बाक नऊ पावलं मागे, झाडाखाली ओढला. बसायला सावली झाली. डोंगर बघायचा तर अक्का उठून पुढे जायची.

दोन वर्षांनी तळ्याकाठी चौदा मजली इमारतीची पाटी लागली. माळी निर्धास्त होता. नियमच होता तसा: बागेतल्या बाकावर बसलेल्या माणसाला जी कड दिसते, ती कोणत्याही बांधकामाने झाकायची नाही.

मोजणीसाहेब आले. बाकावर बसले, डोळ्यांची उंची मोजून घेतली, समोर पाहिलं.

"फांद्याच फांद्या आहेत. इथून कड दिसतच नाही. मग इमारत झाकणार काय?"

"साहेब, बाक पुढे होता. तो बघा, त्याचा जुना चौथरा."

"चौथऱ्यावर कोण बसतं? नियमात बाक लिहिलाय."

"मग एवढी फांदी छाटतो."

"छाट. झाड तोडल्याचा गुन्हा लागेल तुलाच."

माळ्याने वर तक्रार केली. सुनावणीत अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून विचारलं, "बाक विनापरवाना हलवला म्हणता. कोणी? कोणाच्या सांगण्यावरून?"

त्याच्या जिभेवर अक्का आली. त्याने तिला गिळलं.

"मीच. माझ्या मनाने."

"बरं झालं, कबूल केलंत."

त्याची पगारवाढ थांबली. बाकाची नवी जागा मात्र शिक्का मारून कायम झाली.

"माझं नाव का नाही घेतलंस?" अक्काने घरी विचारलं.

"घेऊन काय झालं असतं?"

"निदान मला कोणी दोन शब्द बोललं असतं. तू तर बोलतही नाहीस."

खरंच, तो महिनाभर तिच्याशी धड बोलला नव्हता.

इमारतीचे खांब वर आले तसा बागेत हुकूम आला: बांधकाम डोळ्यांना खुपू नये म्हणून तळ्याकाठी उंच वाढणारी झाडं लावावीत. माळी खड्डे खणू लागला. डोंगराचा उरलासुरला तुकडा खांबांच्या फटीतून दिसत होता. अक्का येऊन त्याच्याशेजारी उभी राहिली.

"किती उंच होतील रे ही?"

"सगळं झाकतील."

ती बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने रोप उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"खत नीट घाल. झाकू दे एकदाचं."