बगिच्यातलं शेवाळ

पंजाबरावांनी लेकीच्या घरचं पाणी आजवर तोंडाला लावलेलं नव्हतं. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची चाल. आता मोर्शीकडे असलं काही कोणी पाळत नाही. त्यांची स्वतःची बायको वच्छलाबाई अकोल्याला गेली की लेकीच्या हातचा चहा दोनदा मागून पिते. पण पंजाबराव म्हणजे पंजाबराव! माणूस मनाचा वाईट नाही, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती उपटायला जेसीबीच बोलवावा. लेकीकडे निघाले की संत्र्याच्या बगिच्यातल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून सोबत घ्यायचे. तिच्याच सोफ्यावर बसून ते स्वतःच्या पेल्यात ओतून प्यायचे. रागिणी समोर उभी राहून बघायची. तिला काय वाटत असेल, हा विचार करायला या गृहस्थांना कधी सवड मिळाली नव्हती.

रागिणीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. दुसऱ्या वेळी अमरावतीच्या दवाखान्यातून घरी आल्यावर पोरगी बोलेनाशीच झाली. फोन केला की हो, बरं, ठेवते. पुढे काही नाही. तिचं मन रमावं म्हणून तिच्या नवऱ्याने, कुंदनने, घरात गप्पी माशांची काचेची पेटी आणून ठेवली. पंजाबरावांना हा प्रकार काही पटला नव्हता. मासेच पाहायचे तर सिंभोऱ्याच्या धरणावर जावं, घरात कशाला?

आणि एका संध्याकाळी रागिणीचाच फोन आला.

"बाबा, माह्या गप्पीले पिल्लं झाले! एवढुशे एवढुशे. नुसते डोये दिसतात."

पंजाबराव ऐकतच राहिले. हा आवाज त्यांनी किती दिवसांनी ऐकला होता! पिल्लं माशाची का असेनात, लेक हसून बोलत होती.

"पन मोठे मासे खाऊन टाकतात त्याईले," रागिणी सांगत होती. "दुकानवाला म्हनते, जिवंत मॉस टाका, पिल्लं त्यात लपतात. पन त्याच्याकडचं संपलं."

"मॉस म्हंजे काय असते वं?"

"शेवाळ, बाबा. पान्यातलं."

पंजाबरावांना हसू आवरेना. "शेवाळ अन् तेही इकत? अवं, आपल्या हौदाच्या तोंडाशी गादीवानी शेवाळ हाय. उद्याच घेऊन येतो!"

"आना. पन तुमी टाकू नका बरं. मी धुईन, दोन-चार दिवस बादलीत ठेवीन, मंगच टाकीन."

"हो, हो," पंजाबराव म्हणाले. हा त्यांचा हो-हो वच्छलाबाईंच्या चांगला ओळखीचा. तो ऐकला की त्या कपाळाला हात लावतात.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू असतानाच ते बगिच्यात गेले. हौदाचं पाणी जिथून पाटात पडतं तिथलं शेवाळ त्यांनी चाचपडत, मुळापासून हळूच उचललं आणि वच्छलाबाईंच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं. मोर्शीहून अमरावती, अमरावतीला गाडी बदलून अकोला. ऑक्टोबरचं ऊन असं की एसटीच्या खिडकीची दांडी हाताला लागू देईना. शेवाळ सुकू नये म्हणून पंजाबराव कॅनमधलं पाणी त्यावर शिंपत होते. स्वतः मात्र बडनेऱ्याला एक घोट घेतला तेवढाच. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय हाय जी यात?" तर म्हणाले, "नातवाईसाठी घर हाय." बोलून गेले आणि मग त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं.

रागिणीने दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पाहून त्यांना बरं वाटलं. कुंदन डाळमिलमध्ये कामाला गेला होता. नळ आठवड्याने आज सकाळीच आले होते. गच्च भरलेले ड्रम मोरीत उभे होते आणि घरभर ब्लीचिंगचा वास सुटला होता. तिने सवयीने पेला उचलला, मग आठवलं, आणि तसाच ठेवून दिला.

"मी पिल्लांचं खानं घेऊन येते, दुकान उघडलं असन," ती चपला घालत म्हणाली. "तुमी पडा जरासे. अन् शेवाळाले हात नाही लावायचा."

ती गेली. पंजाबराव पेटीसमोर खुर्ची ओढून बसले. तळाशी, कोपऱ्यात, डोळ्यांचे काळे ठिपके हलत होते. पाहता पाहता त्यांनाही गंमत वाटायला लागली. तेवढ्यात एक लाल शेपटीचा मासा डौलात खाली आला आणि त्याने एक पिल्लू गट्टम केलं.

"अबे!" पंजाबराव ओरडले. मासा काय त्यांचं ऐकतो? तो दुसऱ्याकडे वळला.

आता सांगा, रागिणीची वाट पाहत बसणारा माणूस आहे का हा? शेवाळ पायाशीच होतं. धुवायचं कशाला, घरच्या बगिच्यातलं आहे, दुकानातलं थोडंच! त्यांनी गाठ सोडली आणि शेवाळ अलगद पाण्यात सोडलं. ते हिरवंगार उलगडलं. पिल्लं एकेक करून त्यात शिरली, आणि लाल शेपटीवाला बाहेर घिरट्या घालत राहिला. पंजाबरावांची छाती अशी फुगली की पहिल्या बहराची संत्री उतरवतानाही फुगली नसेल.

मग लुगड्याचा तुकडा घडी करायला त्यांनी उचलला. पांढऱ्या कापडावर निळसर डाग होते.

ते डाग त्यांनी जन्मभर पाहिलेले होते. स्वतःच्या नखांत, बनियनवर, बैलाच्या दाव्यावर. मोरचूद. डिंक्या रोग लागू नये म्हणून संत्र्याच्या खोडांना मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात, तो परवाच लावून झाला होता. त्यांनी मुलाला, नितेशला, फोन लावला.

"नितेश, लेप लावल्यावर ड्रम कुठी धुतला रे?"

"हौदाच्या तोंडाशी. तुमीच तं सांगतलं, पाटात धुवा म्हून. काहून?"

पंजाबरावांनी फोन ठेवला. मोरचुदाचं पाणी गुरांना तोंड लावू देत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या बगिच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि यांनी ते आपल्या हाताने, हसत हसत, लेकीच्या पेटीत सोडलं होतं!

बाही न सारता त्यांनी हात आत घातला आणि शेवाळ ओढलं. ते तुटलं, निम्मं हातात, निम्मं पाण्यात पसरलं, आणि त्यातली पिल्लं सैरभैर झाली. मोठे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. पिल्लांची आई, करड्या रंगाची जाडी गप्पी, एका अंगावर कलली. "अरे देवा, हे काय करून बसलो मी," ते मोठ्याने म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं.

एक विचार आला, लपवण्यात अर्थ काय. दुसरा लगेच आला, कळणार कोणाला? तुकडे वेचावे, कापड पिशवीत कोंबावं, आणि खुर्चीत डोळे मिटून पडावं. मासे मरतातच. रागिणी म्हणेल, नशीबच माझं असं. ती असं म्हणेल हे मनात आलं आणि पंजाबरावांना रडू कोसळायचंच बाकी राहिलं. दोन वेळा ती हेच म्हणाली होती. तिसऱ्यांदा तिने स्वतःच्या नशिबाला बोल लावावा, आणि बापाने खरं ठाऊक असून गप्प ऐकावं?

जिन्यात चपला वाजल्या. दार उघडायच्या आतच ते बोलून मोकळे झाले.

"रागिणी, माह्याच हातानं झालं. शेवाळाले मोरचूद होता. मी टाकलं, न धुता. तू नाही म्हटलं तरी टाकलं."

रागिणीच्या हातातली खाण्याची डबी खाली पडली. ती पेटीकडे गेली. काही बोलली नाही, ओरडली नाही, आणि तेच वाईट होतं. दवाखान्यात खाटेवर बसून ती भिंतीकडे पाहत होती, तेव्हा चेहरा असाच होता. पंजाबरावांना वाटलं, आता ही पुन्हा गेली आत, आणि या वेळी आपण ढकलली.

"बोल वं माय काही. शिव्या दे मले."

"पानी पायजे," रागिणी म्हणाली. "दुसरं पानी, आत्ता लगेच."

ते मोरीकडे धावले, ड्रममध्ये तांब्या बुडवला.

"ते नको! आजचंच हाय, ब्लीचिंग हाय त्यात. आत्ताच्या आत्ता मरतीन. मी रातभर ठेवून मंग टाकत असते." तिने शेजारचं आठवलं, खालच्यांचं आठवलं. सगळ्यांकडे तेच नळ, आजच आलेले. बाटल्या आणायला चौकापर्यंत जाण्याइतका वेळ नव्हता. मग तिची नजर सोफ्याकडे गेली. पंजाबरावांनीही तिकडे पाहिलं. सोफ्याजवळ कॅन उभी होती. हौदाचं नव्हे, थेट विहिरीतलं, बिनवासाचं, आणि एसटीत शिंपून उरलेलं अर्ध्याहून थोडं जास्त पाणी.

"ते तुमचं हाय, बाबा," रागिणी हळूच म्हणाली.

"खड्ड्यात गेलं माह्यं," पंजाबराव म्हणाले आणि त्यांनी पुरणाच्या मोठ्या पातेल्यात कॅन उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत झटकली.

मग रागिणी चहाच्या गाळणीने पिल्लं उचलायला लागली. मोठे मासे वाटीने काढले. पंजाबराव मोबाईलचा टॉर्च धरून उभे, आणि तो इतका हलत होता की रागिणी दोनदा खेकसली, "नीट धरा ना हो!" ती खेकसली याचं त्यांना किती बरं वाटलं, हे तिला कुठून कळणार. काही पिल्लं गाळणीत आली तेव्हाच निपचित होती. ती तिने तुळशीच्या कुंडीत ठेवली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नाहीत. तो लाल शेपटीचा खादाड मात्र ठणठणीत होता. त्याला वेगळ्या डब्यात कोंबला.

नंतर करण्यासारखं काही उरलं नाही, नुसतं बघत बसायचं. बाप-लेक फरशीवर पातेल्याच्या दोन बाजूंना बसले. करडी गप्पी तळाशी कललेली, कल्ला हलतो की नाही तेही नीट दिसेना. पंजाबरावांच्या घशाला कोरड पडली होती. जीभ टाळूला चिकटत होती, पण पाणी या शब्दाचा उच्चार करायचीही त्यांना लाज वाटत होती.

"मले वाटलं होतं," ते कसेबसे म्हणाले, "तुले आनंद होईन."

"झाला होता," रागिणी म्हणाली.

ऊन खिडकीतून उतरून भिंतीवर गेलं. खाली दूधवाल्याची सायकल वाजली. आणि करड्या गप्पीने शेपूट हलवलं, एकदा, मग पुन्हा, आणि डुगडुगत का होईना, ती सरळ झाली. तिच्याभोवती काळे ठिपके इकडून तिकडे पळत होते, मोजू म्हटलं तर मोजता येत नव्हते. पंजाबरावांनी पंच्याने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

उठताना त्यांना गरगरलं. भिंतीला धरून ते म्हणाले, "मी चौकातून पान्याची बाटली घेऊन येतो जराशी. दुकानातून."

रागिणी उठली. मोरीत गेली. ड्रममधलं पाणी पेल्यात भरून आली आणि वाटेत उभी राहिली, दाराच्या आणि त्यांच्या मधे.

"बाबा, पातेल्यात पाहा," ती म्हणाली. तिची नजर सरळ बापाच्या तोंडावर होती. "घरात लेकरं झाले. आता तं प्या."

पंजाबरावांनी पेला घेतला. पाण्याला ब्लीचिंगचा वास येत होता. त्यांनी ते उभ्या उभ्या, घटाघटा, एका दमात संपवलं, आणि रिकामा पेला लेकीपुढे धरला.

"अजून दे," ते म्हणाले.