मशीनची उंची

"पाण्यानं काच कापतात म्हने. उद्या फुंकरीनं भाजी चिरा," हे माझ्या कानाशी पुटपुटले.

कारंजा गावात बदरुद्दीनभाईंच्या मशीनच्या दुकानात आम्ही नवरा-बायको एका बाकड्यावर बसलो होतो. पाठीला भिंत, गुडघ्यांना मशीनची खोकी. उठायचं तर आधी खोकी हलवावी लागली असती.

शेलूबाजारला आमचं काचेचं दुकान आहे. पाटीवर यांचं नाव, देवमन. विहाराच्या दारावर चक्र बसवायचं म्हणून दोन लाद्या आल्या होत्या. रंगीत काच भट्टीत वितळवून एकजीव केलेली, अंगठ्याएवढी जाड. पहिलीवर आम्ही नेहमीसारखी काच कापायची हिरकणी ओढली आणि खालून ठोकलं. खिडकीची काच रेघेवर तुटते. ही तिला वाटलं तिथून तुटली. आम्ही दोष जाडीला दिला. हिरकणी कोणी ओढली, तो विषय आमच्याकडे निघत नाही.

सहा महिने झाले, यांचा उजवा हात खिशात असतो. बाहेर काढला की थरथरतो. मागच्या खोलीत काच मी कापते, हे ती पुढे नेऊन गिऱ्हाइकाला देतात. वीस वर्षं नुसतं बघत होते, तेवढंच माझं शिक्षण. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, हात हाय तुमचा!" मी पडद्यामागे काचेचा चुरा झाडत असते.

आता एकच लादी उरली होती.

चहा आला. बदरुद्दीनभाईंनी मला भरून कप दिला, यांना अर्धा. हल्ली यांना सगळेच अर्धा कप देतात. कारण कोणी विचारत नाही.

"दातेरी पातं नको," भाई म्हणाले, "काचेचे काठ खाते. सलग काठाचं हिऱ्याचं पातं घ्या, वरून पान्याची धार. अन् देवमनभाऊ, हे मोठं मशीन पाहा. तुमच्या उंचीले एकदम बरोबर."

मी खोकी बाजूला सारून उभी राहिले. मशीनचा पाट माझ्या छातीला लागला. एवढ्या उंचावर खांदे वर करून जड लादी सरकवायची, तीही मुंगीच्या चालीनं. जरा वाकडी गेली की ती तडकणार.

"छान आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मशीन यांच्यासाठी होतं ना!

"भाऊ, चालवून पाहा एकडाव." भाईंनी पाणी सुरू केलं, बटण दाबलं. मी पिशवीतला फुटका तुकडा काढला.

हे उठलेच नाहीत.

"यांचा खांदा दुखतो," मी म्हटलं.

"हो हो, खांदा," भाई घाईनं म्हणाले. "हवाच तशी हाय."

पातं रिकामंच फिरत राहिलं. पाणी माझ्या पदरावर उडत होतं. मागे सरकायला जागा नव्हती. तुकडा हातात धरून मी टाचा उंचावल्या, कोपर तरी पाटावर टेकेल म्हणून.

यांनी ते पाहिलं. खिशातून हात काढला, थरथरत होता तसाच खोक्यावर ठेवला.

"बंद कर ते, बदरुद्दीन. हिच्या कमरेले लागन असं मशीन दाखव. माह्या हातानं आता होत नाई. सा महिन्यापासून दुकानातली काच हीच कापून राह्यली."