खांबाचा आवाज

माझ्या थोरल्या बहिणीचा छंद मला आधी कंबरेने कळला. मी सुतारकाम करतो. तिच्या कपाटाच्या फळ्या मधोमध वाकल्या म्हणून तिने बोलावलं, तेव्हा मी दारातूनच म्हटलं, "ताई, पुस्तकं कमी कर."

"पुस्तकं नाहीत रे बारक्या, रेकॉर्डी आहेत. जपून उचल."

मी जपून उचलायला गेलो आणि पाठ धरून खाली बसलो. हातभर गठ्ठ्याचं वजन तीस किलोच्या आसपास, आणि असे गठ्ठे भिंतभर. शेवटी पाऊण इंची प्लाय, दर सव्वा फुटाला उभा आधार आणि मागे अख्खी पाठ असं कपाट करून दिलं, तेव्हा कुठे त्या रेकॉर्डी सुखाने उभ्या राहिल्या.

ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. चौतीस वर्षं लोकांचं रक्त काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतेय. लग्न केलं नाही. आईने फारच टुमणं लावलं तेव्हा म्हणाली, "येऊ दे की, पण उभा कुठे राहणार ते आधी बघून जाऊ दे." घर दोन खोल्यांचं, त्यातली एक रेकॉर्डींची. सगळ्या जुन्या रॉकच्या. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि घसा फाडून गाणारी माणसं. वर एकच अल्बम चार-चार वेळा घेतलेला.

"चार कशाला गं? एक हरवली तर?"

"चारही वेगळ्या प्रेसिंगच्या आहेत. बस इथे, डोळे मीट."

तिने एकच गाणं दोन रेकॉर्डींवरून ऐकवलं. पहिल्यांदा गाणं ऐकलं. दुसऱ्यांदा ड्रम वाजवणाऱ्याचं स्टूल करकरलेलं ऐकू आलं. मी डोळे उघडले. "ही साचा नवा असताना छापलेली," ताई म्हणाली, "आणि आधीची साचा झिजल्यावर." मला चटकन पटलं. धार लावलेल्या रंध्याने काढलेली फळी आणि बोथट रंध्याने काढलेली फळी यांतला फरक मी हात फिरवून सांगतो, तसंच हे. फक्त तिचा हात कानात होता.

पण तिचा खरा जीव कॉन्सर्टच्या टेपांवर. तरुणपणी ती कॅसेट रेकॉर्डर डब्याच्या पिशवीत घालून कॉन्सर्टला जायची. वर शाल, म्हणजे शेजारच्यांच्या टाळ्या थेट आत शिरू नयेत. सगळ्यात जास्त टेपा 'भोंगा' या बँडच्या. चौघंजण, बारा वर्षं, चार अल्बम, मग सगळं संपलं. तिच्याकडे त्यांच्या त्रेसष्ट कॉन्सर्ट होत्या. काही स्वतः टिपलेल्या, बाकीच्या इतर शौकिनांशी टपालाने अदलाबदल करून मिळवलेल्या. प्रत्येक टेपेवर तारीख, हॉल, गाण्यांचा क्रम, आणि खाली शेरा: 'बाजूच्या गृहस्थांना खोकला', 'तिसऱ्या गाण्यात वीज गेली'.

गेल्या वर्षी एका रविवारी मी कपाटाच्या वरच्या मजल्याची मापं घेत होतो, तेव्हा बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई. सिटी बस चालवते म्हणाली. रेकॉर्डींच्या दुकानदाराने ताईचा पत्ता दिला होता. बसायला सांगितलं तरी ती उभीच.

"भोंगामध्ये बास गिटार वाजवायचे ना, ते माझे बाबा."

ताईच्या हातातली बशी खाली ठेवायची राहिली. "खांब?"

"हो, खांब." ती हसली. स्टेजवर जागचा हलायचा नाही म्हणून त्याला सगळे खांब म्हणायचे. ती दीड वर्षाची असताना तो आजारपणात गेला होता.

"मावशी, फोटो खूप आहेत. रेकॉर्डी आहेत. पण ते गायचे नाहीत. मुलाखतीतसुद्धा गायकच बोलायचा. मी बाबांचा आवाज कधी ऐकलेलाच नाही. आईला विचारलं तर म्हणते, छान होता. आता छान म्हणजे कसा, ते तिला सांगता येत नाही." मग एकदम घाईने म्हणाली, "तुमच्याकडे एवढ्या टेपा आहेत. कुठेतरी एखादा शब्द..."

ताईने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी सगळ्या ऐकते. सापडलं तर कळवीन. नाही सापडलं तरी कळवीन. मधे फोन करून विचारायचं नाही, मला गडबडायला होतं."

दुसऱ्या दिवसापासून ताई लॅबमधून घरी आली की चहा घेऊन हेडफोन लावून बसायची. गाणी चालू असली की हाताने भाजी नाहीतर तांदूळ निवडत राहायची. गाणं संपलं की हात थांबायचे. दोन गाण्यांच्या मधली जागा, तेवढंच तिला हवं होतं. गिटार सुरात लावतानाची कुजबुज, माइकपासून लांबून कुणी मारलेली हाक, हशा. वहीत मिनिटं आणि सेकंदं लिहायची. मी कपाटाच्या निमित्ताने दर दोन-चार दिवसांनी जायचो. खरं तर कपाट कधीच झालं होतं.

पाचव्या आठवड्यात मी आत शिरलो तर ताई एकच जागा पुन्हा पुन्हा ऐकत होती. मला हेडफोन दिला. गायक लोकांशी बोलतोय, आणि मागून कुणीतरी जाड आवाजात म्हणतं, "अरे, सुरू कर आता!"

"सापडला!" मी ओरडलोच.

"नाही. हा ड्रमवाला आहे. आवाज डावीकडून, मागून येतोय. खांब उजवीकडे उभा राहायचा."

"ताई, त्या दिवशी जागा बदलली असेल."

"ड्रम उचलून?"

मी हेडफोन तिला परत दिला. मग जे सुचलं ते बोलून गेलो. "अगं, तिला काय कळणार आहे? चार शब्द तर आहेत. ऐकव. पोरीला बरं वाटेल."

ताईने हेडफोन टेबलावर ठेवला. माझ्यावर ती सहसा चिडत नाही, पण त्या दिवशी चिडली. "लॅबमध्ये मी असंच करते का? दिसतोय बरा म्हणून दुसऱ्याचा रिपोर्ट तिच्या नावावर देऊ? आयुष्यभर ती या आवाजाला बाबा म्हणेल, बारक्या. दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजाला."

मला खाली बघावंसं वाटलं, आणि मी बघितलंही. साठी गाठलेली ही बाई, संध्याकाळी पाय सुजायचे तिचे, आणि चार शब्दांपुरतंही खोटं चालत नव्हतं तिला.

त्रेसष्ट टेपा संपल्या. खांब एकातही बोलला नव्हता. एकदा शिंकला होता, पण ताईच्या मते तेही नक्की नव्हतं.

मला वाटलं, आता कळवून टाकेल. पण तिने वहीतून एक जुनं नाव काढलं. भोंगाच्या पहिल्या दिवसांत ज्या हॉलमध्ये त्यांचे कार्यक्रम व्हायचे, तिथला साउंड ऑपरेटर. म्हातारा आता मुलाकडे राहत होता. ताई रजा टाकून तिकडे गेली, मला सोबत घेऊन. म्हाताऱ्याला तारखा आठवत नव्हत्या, पण कुठल्या माइकची वायर सैल होती ते चोख आठवत होतं. तासभर दोघं वायरींवरच बोलत बसली. निघताना त्याने पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला. आत एक स्पूल टेप.

"मी थेट मिक्सरवरून घ्यायचो. टेप नीट चालतेय का बघायला आधीपासूनच चालू ठेवायचो. ही एवढीच राहिलीय. पण आता चालत नाही हो, किंचाळते."

घरी आल्यावर ताईने ती आपल्या जुन्या स्पूल मशीनवर लावली. खरंच किंचाळली. दोन सेकंदांत ताईने बंद केली. मशीनच्या हेडवर तपकिरी, चिकट थर आला होता. मी म्हटलं, "गेली."

"गेली नाही, दमट झालीय. वर्षानुवर्षं ओल धरून हिचा थर चिकट झालाय. भाजावी लागेल."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण दूर राहणाऱ्या दोन शौकिनांना फोन करून तिने खात्री केली: चोपन्न अंश, आठ तास, एक अंशही इकडेतिकडे नको. घरच्या ओव्हनचा काय भरवसा? काचेची भांडी वाळवायचा लॅबमधला ओव्हन मात्र तिने स्वतः वर्षानुवर्षं तपासलेला. ती सरळ मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये गेली. ही हकिगत तिनेच मला सांगितली.

"मॅडम, रविवारी ओव्हन हवाय. आठ तास."

"सॅम्पल काय आहे?"

"टेप."

"कसली टेप?"

ताईने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई तिच्याहून वीस वर्षांनी लहान. चष्मा काढून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, चौतीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी मागताय. घ्या. फक्त ओव्हन रिकामा असू दे, आणि रजिस्टरमध्ये लिहा." ताईने लिहिलं: 'टेप, एक नग. चोपन्न अंश. आठ तास.' पुढे सही.

त्या रविवारी आम्ही दोघं लॅबमधल्या स्टुलांवर बसून होतो. दर पंधरा मिनिटांनी ती थर्मामीटर बघायची. मी दोनदा डुलकी काढली. तिने एकदाही नाही. टेप आतल्या आत सावकाश गार होऊ दिली, तशीच घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी मशीनला लावली. भाजलेली टेप पुन्हा कधी दमट होईल ते सांगता येत नाही, म्हणून सोबत कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग.

या वेळी ती किंचाळली नाही. आधी नुसती घरघर. मग रिकाम्या हॉलचा आवाज. खुर्च्या सरकतात, कुणी शिट्टी मारतं. मग ऑपरेटरचा आवाज लांबून: "गायक अजून आला नाही. खांबा, तूच ये माइकवर. बोलत राहा."

"काय बोलू?"

ताईने माझं मनगट धरलं.

"काहीही बोल. मी सांगेपर्यंत थांबू नको."

"मला नाही सुचत बाबा. थांब, इथे भिंतीवर पाटी आहे, ती वाचतो." आणि तो माणूस वाचायला लागला. बारीक आवाज, जरासा नाकातून, शाळेत धडा वाचावा तसा. "प्रेक्षकांस सूचना. एक. धूम्रपान करू नये. दोन. समोरच्या आसनावर पाय ठेवू नयेत. तीन. हरवलेल्या वस्तूंसाठी व्यवस्थापकांना भेटावे. व्यवस्थापक हरवले असल्यास... नाही, हे मी घातलं." आणि तो हसला. दम लागेस्तोवर हसला. मग चौथी सूचना, पाचवी, अकरावीपर्यंत. पाटी संपली तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पूर्ण नऊ मिनिटं.

मी ताईकडे बघितलं. आमच्या आईच्या आजारपणातही जी रडली नव्हती, ती नाक ओढत वहीत मिनिटं लिहीत होती.

बसवाली आली ती आईला घेऊन. आई सत्तरीची, कडक इस्त्रीची साडी, जरा अवघडलेली. ताईने दोघींना मधोमध बसवलं, स्पीकरची तोंडं त्यांच्याकडे वळवली आणि स्वतः दाराशी उभी राहिली. "काय बोलू?" हे पहिले शब्द आले, आणि आईने मान एकदम वर केली.

"सर्दी झालीय त्याला," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. मग पूर्ण वेळ ती ऐकत होती, नि मुलगी तिच्या तोंडाकडे बघत होती. व्यवस्थापक हरवले तिथे दोघी एकदमच हसल्या. संपल्यावर मुलीने विचारलं, "पुन्हा लावाल?" ताईने पुन्हा लावलं. चौथ्या वेळेला आई तिला सांगायला लागली: सर्दी नसताना कसा बोलायचा, फोनवर कसा, भांडताना कसा. आता तिला सांगता येत होतं.

ताईने टेपेचा तो नऊ मिनिटांचा भाग कापून वेगळ्या छोट्या स्पूलवर गुंडाळला, सोबत पेन ड्राइव्ह दिला आणि दोन्ही मायलेकींच्या स्वाधीन केलं. त्याच टेपेवरची पुढची कॉन्सर्ट मात्र मागेल त्याला पाठवली. भोंगाची इतकी स्वच्छ टेप कुणी ऐकलीच नव्हती. मग एका मोठ्या संग्राहकाचा फोन आला. आधीचं बोलणंही आहे असं त्याच्या कानावर गेलं होतं. बदल्यात तो एक पहिल्या प्रेसिंगची रेकॉर्ड द्यायला तयार होता, जिच्यामागे ताई वीस वर्षं होती.

"ते माझ्याकडे नाही," ताई म्हणाली.

मला वाटलं, टाळतेय. फोन ठेवल्यावर विचारलं, तर खरंच नव्हतं. कॉम्प्युटरवरूनसुद्धा काढून टाकलेलं.

"अगं, एक कॉपी तरी ठेवायचीस!"

"कशाला? त्यांच्या घरातला माणूस आहे तो."

बसवाली आता सुट्टीच्या दिवशी ताईकडे येते. रॉक तिला फारसं कळायचं नाही. परवा ताईने भोंगाचा दुसरा अल्बम लावला, तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या गोंगाटात बाबा मला सापडतच नाहीत." ताईने वरचे सूर बारीक केले आणि खालचे मोठे. "गिटार सोड, गाणाऱ्याला सोड. सगळ्यांच्या खाली ऐक. तो बघ, चालतोय." ती डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने तिची टाच जमिनीवर हळूहळू ठेका धरायला लागली, आणि ताईने रेकॉर्डचं पाकीट अलगद तिच्या मांडीवर ठेवलं.