डावरीचा उजवा गुडघा

दोन वर्षं मी रात्रीचं जेवण सोडलं होतं, आणि तेही अशा माणसाच्या सांगण्यावरून, ज्याने माझा गुडघा कधी पाहिलासुद्धा नव्हता. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

तो माणूस म्हणजे आमच्या कंपनीचे डॉक्टर. वर्षातून एकदा येतात, तळमजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत बसतात आणि आम्हा सफाईच्या बायकांना एकेक करून आत बोलावतात. दार बंद, प्रत्येकीला दोन मिनिटं. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं, "डॉक्टर, गुडघा दुखतो." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कागदावर लिहिलं, वजन. रात्रीचं जेवण बंद करा, म्हणाले. झालं. मी मान खाली घालून बाहेर आले. एरवी माझ्या तोंडी लागायची कुणाची टाप नाही, पण वजनाचं नाव काढलं की बाई गप्प होते. कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

आमचं काम म्हणजे नऊ मजली इमारतीचा खालचा हॉल. काळा, गुळगुळीत दगड. तो लांब दांडीच्या मॉपने पुसायचा नाही असा नियम, कारण मॉपचे पट्टे उमटतात आणि ते वरच्या साहेबांना खपत नाहीत. म्हणून फडकं हातात. डावा गुडघा टेकायचा, उजव्या हाताने फडकं फिरवायचं, बादली पुढे ढकलायची, पुन्हा डावा गुडघा. सकाळी सहा ते नऊ हॉल, मग जिने. चौदा वर्षं मी हेच करते आहे. मुकादम म्हणतात, "मोठे, तुझ्या हातात जादू आहे." हातात असेल. गुडघ्याचं कुणी विचारलं नाही.

या वर्षी धाकटी लंगडायला लागली. धाकटी म्हणजे माझी जाऊ; तिच्यावरूनच मी इथे 'मोठी'. दीर वारले तेव्हा मीच तिला इथे लावून घेतलं. दोन पोरं पदरात, आम्ही सगळे एकाच घरात. मुकादमांच्या नजरेतून काही सुटत नाही. शनिवारी म्हणाले, "सोमवारी डॉक्टर येतायत. हिला हॉल झेपत नसेल तर तसं लिहून देतील. मग तिला घरी बसावं लागेल, माझा इलाज नाही." आणि चहा प्यायला गेले.

त्या दिवशी बादल्यांच्या खोलीत कपडे बदलताना मी धाकटीचा गुडघा पहिल्यांदा पाहिला. वाटीच्या पुढे मऊ फुगवटा, उकडलेल्या अंड्याएवढा. मी माझीही पँट वर केली.

"अगंबाई, ताई! तुम्हालाही?"

"तुला काय म्हणाले होते डॉक्टर?"

"बाळंतपणं. दोन झाली, हाडांतला चुना गेला म्हणाले. मला वाटलं, माझंच शरीर नाजूक."

मास्तरीण आमच्यात सगळ्यात लहान, तेवीस वर्षांची, काडीसारखी. भिंतीवरच्या सूचना मोठ्याने वाचते म्हणून हे नाव. तिनेही गुडघा दाखवला. तेच अंडं. "मला म्हणाले, उंच टाचांच्या चपला बंद करा."

आम्ही तिच्या पायांकडे पाहिलं. सपाट रबरी चपला, त्यातल्या एकीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बरं."

आधी हसू फुटलं, मग माझं डोकं सणकलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! तिघींना तीन कारणं, आणि तिघी आपापलं कारण लाजून पोटात ठेवून, एकमेकींच्या शेजारी तीच फरशी पुसत होतो.

कोपऱ्यात आमच्यातली चौथी, डावरी, फडक्यांच्या घड्या घालत होती. तीही जिना उतरताना कठडा सोडत नाही. "तुझं काय गं?" मी विचारलं.

"माझं वेगळं आहे. पाळी जायच्या वयाचं. आणि तुमचा डावा दुखतो, माझा उजवा."

"मग तू राहू दे," मी म्हटलं. "उगाच आमच्यात घोळ नको." एवढी मी शहाणी.

सोमवारी आम्ही तिघी एकदम आत शिरलो.

"एकेक या," डॉक्टर म्हणाले.

"एकेक करूनच चौदा वर्षं गेली," मी म्हटलं, आणि तिघींनी गुडघ्यापर्यंत पँट वर केली.

त्यांनी खुर्चीतूनच पाहिलं. "हे बघा बाई, वजन, बाळंतपण, वय, चपला ही सगळी खरीच कारणं आहेत. मी मनाने रचत नाही."

"असतील. हजार बायकांची असतील. पण आम्हा तिघींचा डावाच गुडघा कसा? माझं वजन काय एकाच बाजूला आहे?"

"योगायोग असतो," ते म्हणाले आणि धाकटीचा कागद पुढे ओढला. 'हॉलच्या कामास अ' एवढं लिहून झालं होतं. धाकटीने माझं मनगट घट्ट धरलं. तिची पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी दाराकडे पाहिलं.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर डावरी आपल्या नंबराची वाट बघत उभी होती आणि उभ्याउभ्या, सवयीने, दाराची काच पुसत होती. डाव्या हाताने.

"डावरे, आत ये!" मी ओरडलेच. "गुडघा दाखव."

"अगं, माझा उजवा..."

"तोच दाखव. आणि ही एवढी फरशी पूस."

ती बावरून खाली बसली. उजवा गुडघा टेकला, डाव्या हाताने फडकं फिरवलं. मी काही सांगायच्या आत मास्तरीण तिच्यासमोर बसली, डावा गुडघा टेकून, उजव्या हाताने पुसत. आरशात बघावं तशा दोघी.

डॉक्टर खुर्चीवरून उठले. खाली बसले. डावरीचा गुडघा बोटांनी दाबून पाहिला, मग मास्तरणीचा. त्यांचा आवाज उतरला होता. "हे असं रोज किती वेळ करता?"

चौदा वर्षांतला हा पहिला प्रश्न.

त्यांनी धाकटीच्या कागदावरची ओळ खोडली. खाली लिहिलं की हे दुखणं कठीण फरशीवर रोज तासन्‌तास गुडघा टेकल्यामुळे आहे, चौघींनाही असं काम देऊ नये, मॉप द्यावा. मास्तरणीने ते मोठ्याने वाचलं, दोनदा. बाकी तिघींचं सहा महिन्यांत बरंच उतरेल, डॉक्टर म्हणाले. माझा गुडघा मात्र त्यांनी पुष्कळ वेळ दाबून पाहिला. "तुमचा पूर्ण बरा व्हायचा नाही आता. आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही वजन लिहिलं होतंत."

ते कागद सारखे करत बसले.

मुकादमांनी कागद वाचला, कपाळाला आठ्या घातल्या. पण एकीला घरी बसवणं सोपं. चौघींना बसवून हॉल कोण पुसणार? गुरुवारी मॉप आले. दुपारी मुकादम म्हणाले, "मोठे, पट्टे दिसतायत बघ."

"दिसू देत. साहेबांना खपत नसतील तर म्हणावं, या खाली. फडकं मी देते."

त्या संध्याकाळी धाकटी पानं घेत होती. मी म्हटलं, "माझंही ताट घे." तिने पहिलं ताट माझंच वाढलं. मी पोटभर जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि प्रत्येक घासाला मला त्या दोन वर्षांचा संताप येत होता. भुकेने जाग यायची तेव्हा मी माझ्याच पोटाला शिव्या घातल्या होत्या.

धाकटीची लेक घास हातात धरून माझ्याकडे टक लावून बघत होती. पाच वर्षांची आहे. "मोठी आई, तू रात्री जेवतेस?" ती म्हणाली. "मला वाटलं, मोठ्या बायका रात्री जेवतच नाहीत."

"जेवतात," मी म्हटलं. "तूही जेवायचं. कागदावर कुणी काहीही लिहो."