चावल्याशिवाय नाव नाही

जान्हवीनं राजीनाम्याचा कागद पुढे केला तेव्हा मी बिस्किट नावाच्या पॉमेरेनियनचा कान साफ करत होते.

“मॅडम, एक मिनिट वेळ आहे का?”

“तुला दिसतोय का?” मी म्हटलं.

बिस्किटला धरून विमलाताई उभ्या होत्या. त्यांनी कागदाकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मुलुंडच्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यात त्या एकोणीस वर्षं आहेत. एवढ्या काळात अकरा मदतनीस आले आणि गेले. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मॉलमध्ये नोकरी लागली, कुणाला एसी असलेल्या मोठ्या प्राणी-इस्पितळानं उचललं. राजीनामा न वाचता ओळखायला विमलाताई एव्हाना शिकल्या होत्या.

जान्हवी बारावी. हीही गेली तर संध्याकाळचा दवाखाना बंद करेन, असं मी दिवाळीत वैतागून बोलून बसले होते. माझी कंबर आता अल्सेशियन उचलू देत नाही आणि विमलाताईंचं मनगट दुखतं. पण संध्याकाळचा दवाखाना म्हणजे त्या बाईचा जीव.

बिस्किटला मालकिणीच्या स्वाधीन केलं आणि मी हात धुतले. “बोल. कुठे लागलीस?”

“कुठेच नाही.”

“मग?”

“साडेतीन महिने झाले, मॅडम. मावशी मला फक्त ससे धरू देतात. ससे, कासवं आणि दात पडलेले लॅब्राडॉर. जरा वाकडं जनावर आलं की मला मेडिकलमध्ये सुया आणायला पाठवतात. आपल्याकडे सुयांचे चार डबे पडलेत!” तिचा आवाज चिरकला. “मला जमत नाही असं वाटत असेल तर तोंडावर सांगा ना. माझ्या एप्रनवर अजून नावपण नाही.”

हे नावाचं प्रकरण विमलाताईंनीच सुरू केलेलं. आमच्याकडे हिरवे एप्रन आहेत. त्यावर छातीशी पिवळ्या धाग्यानं त्या नाव भरतात, पण रुजू झाल्या झाल्या नाही. रेबीजच्या लशी पहिल्याच आठवड्यात टोचून घेतो. नाव मात्र पहिला चावा बसल्यावर, आणि तो सोसून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला तर. सोडून जाणारा एप्रन ठेवून जातो. विमलाताई त्याचं नाव उसवतात आणि पुढच्याचं घालतात.

“विमलाताई,” मी म्हटलं, “खरं काय ते सांगा तिला.”

त्या टेबल पुसत राहिल्या. कोरडंच होतं ते.

“कुत्रा चावला असता तर पळाली असतीस,” शेवटी त्या म्हणाल्या. “सगळी पळतात गो. त्या सुयोगला दोन टाके पडले, दुसऱ्या दिवशी फोन बंद. श्वेताला नुसतं मांजरीनं ओरबाडलं, तर तिची आई येऊन भांडून गेली. म्हणून म्हटलं, हिला चावायलाच द्यायचं नाय.”

जान्हवी बघतच राहिली. “मावशी, मी काय शोकेसमध्ये ठेवायला आलेय?”

मला हसू फुटलं आणि दोघी माझ्यावरच डाफरल्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दोघींचाही फार लोभ वाटला. पण जान्हवीनं कागद परत घेतला नाही.

तेवढ्यात नंदकिशोरकाका टोपली घेऊन आत आले. टोपलीत मंजुळा, टाके काढायला आणलेली. हे नाव तिला कुणी दिलं देव जाणे. आमच्या अख्ख्या एरियात तिच्याइतकी डेंजर मांजर नाही.

“आज शांत आहे हो ती,” काका म्हणाले. ते दरवेळी असंच म्हणतात.

“जान्हवी, जा गो, मेडिकलमधून...” विमलाताई बोलता बोलता थांबल्या. मग टॉवेल तिच्या हातात देऊन टेबलापासून दोन पावलं मागे सरकल्या. “मान घट्ट धर. पाय टॉवेलात गुंडाळ. आणि गप्प झाली की जास्त सांभाळ.”

पोरीनं झकास धरलं. मी पाठीवरचे पाचही टाके काढले, मंजुळानं हूं की चूं केलं नाही. मग काका मध्येच वाकले, “झालं गं माझ्या बाळा” म्हणत त्यांनी टॉवेल उचलला, आणि मंजुळानं जान्हवीच्या अंगठ्यात दात रोवले.

जान्हवीनं मांजर सोडली नाही. टोपलीत घातली, झाकण लावलं आणि मग “आई गं!” म्हणून खाली बसली.

पंधरा मिनिटं साबण लावून नळाखाली हात धरायचा असतो. विमलाताईंनी तो धरला, एरवी घाबरलेलं जनावर धरतात तसा. पट्टी बांधून मी तिला इंजेक्शनसाठी पाठवलं. जाताना ती डबा, चपला, खुंटीवरची ओढणी, सगळं घेऊन गेली. राजीनामा टेबलावरच होता.

दुपारी एक ते पाच आम्ही बंद असतो. त्या दिवशी विमलाताई घरी गेल्या नाहीत. बाकावर बसून सुईत पिवळा धागा ओवत होत्या.

“उद्या ती आली तर ना?” मी म्हटलं. “नियम आहे तुमचा.”

“नियम माझोच मां?” त्या म्हणाल्या. चिडल्या की त्यांना मालवण आठवतं.

जरा वेळानं त्या जान्हवीचा एप्रन घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आधीच्यांची नावं भरून आणि उसवून छातीवरचं कापड पार विरलं होतं. सुई घातली की फाटत होतं. “ह्यात आता धागो ऱ्हवाचो नाय, मॅडम.”

“नवीन आणू उद्या,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जान्हवीची वेळ साडेनऊची. पावणेदहापर्यंत विमलाताईंनी तीनदा झाडू मारला होता. मी फोन उचलला तर म्हणाल्या, “नको. बंद लागला तर?”

मी फोन ठेवला. एकोणीस वर्षांत त्यांना एवढं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि अंगावर आलेले रॉटवायलर या बाईनं एकटीनं आवरलेत.

दहाला दार उघडलं. अंगठ्याला उकडीच्या मोदकाएवढी पट्टी.

“सॉरी मॅडम, ड्रेसिंगला ही लाईन! पहिला पेशंट कोण आहे?” असं म्हणत जान्हवी खुंटीकडे गेली आणि तिथेच थबकली.

खुंटीवर विमलाताईंचा एप्रन होता. कधीच न उसवलेला. ‘विमला’ हे नाव धुऊन धुऊन फिकं झालेलं आणि त्याच्याखाली कोऱ्या पिवळ्या धाग्यात ‘जान्हवी’.

“मावशी, हा तुमचा आहे.”

“होता.”

“आणि तुम्ही?”

“मला कशाला नाव? एवढ्या वर्षांत माझं नाव कोण चुकलंय?”

जान्हवीनं एप्रन गळ्यात घातला. पट्टीच्या हातानं तिला मागची गाठ मारता येईना, ती विमलाताईंनी मारून दिली. मी राजीनामा घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. ती किती दिवस राहील, मला ठाऊक नाही.

बाहेर एक बॉक्सर गुरगुरत होता. सवयीनं विमलाताई पुढे झाल्या, मग थांबल्या आणि जान्हवीला वाट देऊन दार धरून उभ्या राहिल्या. तो विरलेला, बिननावाचा एप्रन त्यांनी घातला होता. छातीवरच्या बारीक भोकांतून आतली निळी साडी दिसत होती.