सूनमुख

दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता यवतमाळच्या रजनीबाई टीव्हीचा आवाज इतका मोठा करीत, की शेजारच्या दीपाला आपला टीव्ही लावायची गरजच पडत नसे. लेकीचा कार्यक्रम होता ना! गावातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहिणारी मिताली पंधरा वर्षांत मुंबईच्या वाहिनीवर पोचली होती आणि तिच्या प्रश्नांपुढे भल्याभल्या पुढाऱ्यांची बोबडी वळत होती. पण तिचं खरं नाव झालं ते विधवांवरच्या मालिकेनं. ‘कुंकू गेलं म्हणून आई परकी होते का?’ हा तिचा सवाल घरोघरी गेला. रजनीबाईंचं कपाळ आठ वर्षांपासून मोकळं होतं. तो सवाल ऐकला की दर वेळी त्या पदरानं डोळे पुसत.

अशात मितालीच्या धाकट्या भावाचं, श्रेयसचं लग्न ठरलं. मांडवात सासू मधे बसते, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून, आणि समोरच्या आरशात ती सुनेचं तोंड पहिल्यांदा बघते. हे सूनमुख. त्यासाठी रजनीबाईंनी आपल्या लग्नातला आरसा काढून चकचकीत पुसून ठेवला. विधवेनं तिथं बसायचं नसतं, ही घराण्याची चाल त्यांना ठाऊक होती. पण या खेपेला लेक पाठीशी होती.

लग्नात नवरानवरीपेक्षा मितालीचेच फोटो जास्त निघत होते. सूनमुखाची वेळ झाली आणि रजनीबाई आरसा घेऊन पुढे आल्या, तशी नवरीकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. रजनीबाईंचे दीर यज्ञेश्वर मोठे धोरणी. त्यांनी स्वतः वाईटपणा घेतलाच नाही.

“मिताली, आता तूच सांग बाप्पा,” ते चारचौघांत म्हणाले. “तू साऱ्या महाराष्ट्राले शिकवून राह्यली. वहिनीनं बसावं, का तुह्या काकूनं?”

मांडवातले मोबाइल भराभर वर झाले. कॅमेऱ्यासमोर बोलण्यात मितालीचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण हे कॅमेरे तिच्या ताब्यातले नव्हते. भांडण झालं तर ते तासाभरात सगळीकडे फिरेल, वाहिनीवाले विचारतील, नवी सून पहिल्याच दिवशी रडत बसेल, अशी सोयीची कारणं तिला पटापट सुचली.

“काकूच बसेल,” ती हसून म्हणाली. “आईला तसाही गर्दीचा त्रास होतो.”

रजनीबाईंनी आरसा जावेच्या हातात दिला आणि त्या वाढप्यांकडे बघायला आत निघून गेल्या. तो आरसा त्यांनी पुन्हा मागितला नाही.

मुंबईला परतल्यावर मितालीचं मन तिला खाऊ लागलं. आईशी फोनवर बोलणं व्हायचं, ते औषधपाण्याचं. त्या आरशाबद्दल दोघीही बोलत नसत. दोन महिन्यांनी एका शुक्रवारी तिनं लिहून दिलेले कागद बाजूला सारले आणि लाखो प्रेक्षकांसमोर कबूल केलं, की मी माझ्याच आईला तिच्या मानाच्या जागेवरून उठवलं. बोलताना ती रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. कार्यक्रम गाजला. वर्तमानपत्रांनी तिच्या धैर्याची वाहवा केली, एका संस्थेनं पुरस्कारही जाहीर केला.

तेव्हा कुठं तिनं आईला फोन लावला. कार्यक्रम पाहिलास का, म्हणून विचारलं.

“नाही. टीव्ही तं मी लग्नानंतरच दीपाले देऊन टाकला.”

मग मितालीनं सगळं सांगितलं. लोक कसे हळहळले तेही सांगितलं आणि पुरस्काराचंही.

“बरं केलं,” त्या शेवटी म्हणाल्या. “साऱ्या महाराष्ट्राची माफी मागितली तू. माही काहून नाही मागितली?”

आणि कुकर लावायचा आहे म्हणून रजनीबाईंनी फोन ठेवला.

आज ना उद्या तुमच्याही घरी लग्न निघेल, आणि एखादी आई आरसा पुसून वाट बघत बसेल. तेव्हा काय बोलायचं ते मांडवातच बोला. नंतर कितीही छान बोललात, तरी ती ऐकायला बसलेली नसेल.