रोमचा मुकुट आणि माझं पिठाचं मडकं

आमचा आर्तिवान तीन वर्षांनी चीनहून घरी आला आणि आईपुढे वाकला नाही. वाकला असता तर डोक्यावरची टोपी पडली असती. उंटावरून उतरला तोही मान ताठ ठेवून. दाराची चौकट ठेंगणी, म्हणून गुडघे दुमडून बदकासारखा आत आला. सुनेनं पायांवर गरम पाणी घातलं, तेव्हाही मान हलली नाही. तीन वर्षं मी दाराकडे डोळे लावून बसले होते आणि हा माझ्याशी असा बोलत होता, जणू डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर आहे.

"बस की बाबा," मी म्हटलं. "मानेला काही झालंय का?"

"मानेला काय व्हायचंय, आई? डोक्यावर काय आहे ते बघ."

मी बघितलं. नमद्याची गोल, फुगीर टोपी होती. लोकर भिजवून, तुडवून थापतात, तसला जाड नमदा. वर एक गोफ, बाजूला दोन लोंबते कान, आणि भोवती लाल धाग्यानं भरलेली डाळिंबं. मी डाळिंबं मोजली. सात होती. सहा डाळिंबासारखी आणि सातवं कांद्यासारखं, कारण सातव्याला माझा लाल धागा संपला होता आणि मी तपकिरी वापरला होता.

ते माझ्या पिठाच्या मडक्याचं टोपण होतं.

थंडीत मळलेलं पीठ फुगत नाही, म्हणून मडक्यावर घालायला मी ते हा गेल्यावर केलं होतं. गोफ खुंटीला अडकवायला, कान मडक्याच्या गळ्याखाली बांधायला. त्याच वर्षी पूर्वेकडच्या कुचा गावचा एक फेरीवाला दारात आला आणि ते मागू लागला. मी त्याच्याकडून दोन सुया घेतल्या आणि टोपण देऊन टाकलं. त्यातली एक सुई वाकडी निघाली.

"कुठून आणलंस हे?" मी विचारलं.

"चीनच्या वेशीवरच्या तुनह्वांगच्या बाजारातून. रोमच्या राजाचा हिवाळी मुकुट आहे. या गोफात माणिक असायचं, ते वाटेत चोरांनी काढून घेतलं. हे कान राजाच्या कानांवर यायचे. आणि हा काळा डाग दिसतोय ना? राजवाड्याला आग लागली होती तेव्हाचा."

तो डाग आमच्या तंदुराचा होता. टोपण एकदा फार जवळ टांगलं गेलं होतं.

"काय दिलंस याचं?"

"कस्तुरीची अख्खी पिशवी," तो म्हणाला आणि वर हसला. "विकणारा रडत होता, आई. म्हणाला, घरची अडचण नसती तर दिला नसता."

आमच्या लोकांची एक रीत आहे. मूल जन्मलं की त्याच्या जिभेवर मध लावायचा, म्हणजे बोलणं गोड होतं, आणि तळहातावर सरस लावायचा, म्हणजे हातात आलेलं सुटत नाही. आर्तिवानच्या वेळी मी बाळंतिणीच्या खाटेवर होते आणि हे काम माझ्या नणंदेनं, झीमत वन्संनी केलं. दोन्ही वाट्या सारख्याच होत्या. मी तेव्हाच म्हटलं होतं, वन्सं, बघून लावा. त्या म्हणाल्या, मला शिकवू नकोस. पोराच्या तळहाताला महिनाभर मुंग्या लागत होत्या. आता तुम्हीच समजा काय कुठे लागलं ते.

तर मी त्याला स्वच्छ सांगितलं, "आर्तिवान, हे माझं टोपण आहे. आण इकडे, मडक्यावर घालून दाखवते."

तो दोन पावलं मागे सरला. "रोमच्या राजाचा मुकुट पिठाच्या मडक्यावर? आई, तू समरकंदच्या वेशीबाहेर कधी गेलीयस का? तुला जगाचं काय कळतं?"

माझी सून शीरक चुलीपाशी होती. पोरगी कमी बोलते, पण बोलते तेव्हा ऐकावं लागतं. ती म्हणाली, "अहो, मुकुट रोमहून चीनला गेला ना? म्हणजे समरकंदावरूनच गेला असणार. दुसरा रस्ता कुठाय? मग आपल्या बाजारात तो कुणालाच कसा दिसला नाही?"

"तू रोट्या बघ," आर्तिवान म्हणाला.

मी गप्प बसले. का बसले तेही सांगते. दुसऱ्याच दिवशी तांड्याची बैठक होती. वसंतात शंभर उंट आणि चाळीस माणसं पूर्वेला निघणार होती, त्यांचा म्होरक्या निवडायचा होता. आर्तिवानचा बाप अकरा वर्षं म्होरक्या होता. तो वारला तशी ती जागा दुसऱ्यांकडे गेली, आणि मी आठ वर्षं दुसऱ्यांच्या बायकांना विहिरीवर माझ्या आधी घडा लावताना बघितलं. बैठकीत ज्याला म्होरक्या व्हायचंय त्यानं आपल्या पारखीनं घेतलेली एक वस्तू पुढे ठेवायची, वडीलधाऱ्यांनी ती हाताळायची आणि मग ठरवायचं, असा आमच्यात नियम आहे. टोपणावर जागा मिळत असेल, तर मिळू दे, असं मी मनाशी म्हटलं. असे विचार मनात येतात बाईच्या. मी काही देवी ननाई नाही.

बैठक भरली. मधोमध म्हातारा ननैवंदक बसला होता, माझ्या नवऱ्याचा जुना सोबती. एका बाजूला पुरुष, भिंतीकडेला आम्ही बायका. वन्सं माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

आधी तख्सीच नावाचा एक जण उठला, त्यालाही म्होरक्या व्हायचं होतं. चांगला पोरगा आहे, पण तोंड असं की आत्ताच कुणाला तरी पुरून आलाय. त्यानं एक काचेचा पेला पुढे ठेवला. "सीरियाचा आहे," तो म्हणाला. "बुडाला बुडबुडा आहे. म्हणून स्वस्तात मिळाला." आणि खाली बसला. लोकांनी पेला हाताळला, बुडबुडा बघितला, माना डोलावल्या. कुणाला फार काही वाटलं नाही.

मग आर्तिवान मुकुट घालून उभा राहिला आणि त्यानं माणिक, चोर, आग असं सगळं सांगितलं. आग तर रात्रीतून वाढली होती, आता तिच्यात दोन राजपुत्र भाजले होते.

आमच्या पुरुषांना मी दोष देत नाही, त्यांचा धंदाच तसा आहे. रोमच्या लोकांना वाटतं रेशीम झाडाच्या पानांवरून विंचरून काढतात. चिनी लोकांना वाटतं रोमकडे कोकरं जमिनीतून उगवतात, नाळ कापली की उड्या मारत सुटतात. आणि दोघांच्या मध्ये आम्ही बसलोय, ज्यांनी दोन्हीकडचं डोळ्यांनी बघितलंय आणि दोन्हीकडे एक अक्षर सांगितलं नाही. राजे त्या रेशमापायी खजिने रिकामे करतात, घोड्यांपायी फौजा पाठवतात, आमच्याकडच्या घट्ट बाह्या चीनच्या राण्या घालतात, आणि हे सगळं कुणाच्या जिभेवर चाललंय? आमच्याच तर. जग चालवायचं तर थोडं खोटं लागतं. पण ते दुसऱ्याला सांगायचं असतं, आपण विकत घ्यायचं नसतं.

टोपी हातोहात फिरली. बैठकीतल्या एकालाही आपण ती कधी बघितली नाही हे कबूल करवेना.

"मी बघितलाय हा," एक जण म्हणाला. "राजाच्या डोक्यावर. माझ्यापासून त्या खांबाइतका लांब."

"तू मर्व शहराच्या पलीकडे कधी गेला नाहीस," दुसरा म्हणाला.

"राजा मर्वला आला होता."

"हो हो, आला होता," तिसरा म्हणाला. "मीच त्याला खरबूज कापून दिलं. दोन खाल्ली. तिसऱ्याला नको म्हणाला."

ननैवंदकनं टोपीचा वास घेतला आणि डोळे मिटले. "काय अत्तर लावत असेल हा राजा. थोडंसं आंबूस आहे, नाही का?"

"तिकडे तसंच आवडतं," आर्तिवान म्हणाला.

जागा मिळाल्यातच जमा होती. तेवढ्यात टोपी बायकांकडे आली आणि वन्संनी ती हातात घेतली, उलटी केली, टाके नखानं चाचपले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघ वहिनी, याला म्हणतात हात. असा टाका घालणारी आपल्या समरकंदात अजून जन्मायचीय. तू भरतेस ती डाळिंबं म्हणजे, राग मानू नकोस, कांदे वाटतात."

त्या चाळीस माणसांच्या जिवासाठी मी उठले असं मला सांगता आलं असतं. वाळवंटात पाणी कुठे आहे हे ज्यानं विचारायचं तो टोपीच्या आगीच्या गोष्टी सांगत बसला तर काय होईल, असा विचार मी केला असता तर बरं दिसलं असतं. खोटं कशाला बोलू, मी वन्संमुळे उठले.

"ते माझं टोपण आहे," मी म्हटलं. "पिठाच्या मडक्याचं. मी केलंय, आणि सातवं कांदा नाही, डाळिंबच आहे. धागा संपला होता."

आधी कुणाला कळेना. मग आर्तिवान म्हणाला, "आईचं मनावर घेऊ नका. तीन वर्षं वाट बघून बिचारी..."

"बिचारी कुणाला म्हणतोस रे? शीरक, जा, मडकं आण."

घर दोन गल्ल्या पलीकडे. शीरक गेली आणि मडकं कमरेवर घेऊन आली. सकाळीच मळलेलं पीठ होतं त्यात, घाईत तसंच आणलं तिनं. मी मडकं बैठकीच्या मधोमध ठेवलं, वन्संच्या हातून टोपण घेतलं आणि वर घातलं. चपखल बसलं. कान गळ्याखाली बांधले. जळका डाग बरोबर तिथे आला, जिथे मडक्याला पण काळं लागलंय.

"योगायोग," आर्तिवान म्हणाला.

"रोमच्या राजाचं डोकं माझ्या मडक्याएवढं आहे, असं म्हणायचंय का तुला?"

"असूही शकतं," मर्ववाला म्हणाला. "मोठंच होतं."

मग वाद लागला, आणि आमच्यात वाद लागला की तो लवकर मिटत नाही. अर्धे म्हणाले मुकुट आहे, अर्धे म्हणाले टोपण आहे, आणि खरबूजवाला म्हणाला की राजे लोक मुकुट मडक्यावरच ठेवतात, त्यानं आकार टिकतो. दुपार कलली. ऊन खिडकीतून सरकत मडक्यावर आलं. मडक्यात पीठ होतं, पिठाला ऊब मिळाली, त्याला वादाशी काही घेणं नव्हतं. कानांची गाठ मी सैल बांधली होती. टोपण बोटभर वर उठलं. मग दोन बोटं. मग ते हळूहळू एका बाजूला कललं, जणू रोमचा राजा बैठकीला मान लववतोय, आणि कानाखालून पिठाचा एक गोळा बाहेर डोकावला.

पहिल्यांदा तख्सीच हसला. तो हसतो हे मला त्या दिवशीच कळलं. मग ननैवंदकचे खांदे हलायला लागले, आवाज नाही, नुसते खांदे, आणि तो डोळे पुसत म्हणाला, "अत्तर, म्हणे."

आर्तिवाननं मडक्याकडे बघितलं. मग टोपणाकडे. त्यानं पुढे होऊन नमद्याच्या आतला टाका बघितला, बराच वेळ बघितला. लहानपणी मी त्याच्या सगळ्या चादरी त्याच टाक्यानं शिवल्या होत्या. कान लाल झाले त्याचे.

"काय घेतलं होतंस याचं, वहिनी?" ननैवंदकनं विचारलं.

"दोन सुया, भावजी. एक वाकडी."

बैठक एकदम गप्प झाली. मी त्या पुरुषांची तोंडं ओळखते, असे गप्प होतात तेव्हा ते हिशेब करत असतात. इथे दोन सुया, तिथे कस्तुरीची पिशवी. मधला सगळा रस्ता प्रत्येकाच्या डोळ्यांपुढून एकदा जाऊन आला.

"वसंतापर्यंत अशी चाळीस टोपणं होतील का?" ननैवंदक हळूच म्हणाला.

"साठ होतील. पण वन्संना हात लावू देणार नाही."

"आम्ही काही म्हटलं का?" वन्सं म्हणाल्या.

मग ननैवंदकनं घसा साफ केला. "तांड्याचं राहिलं. पोरानं चीनमध्ये खोटं विकत घेतलं, पण घरापर्यंत सुखरूप आणलं, तेही थोडं नाही. त्याचा बाप माझ्या शेजारी अकरा वर्षं चालला. तुझ्या शब्दावर मी जागा त्याला देईन, वहिनी. तू म्हणशील तसं."

सगळे माझ्याकडे वळले. आर्तिवानही. घरी आल्यापासून पहिल्यांदा त्याची मान खाली होती आणि मला वाटलं, द्यावी. विहिरीवरची ती जागा डोळ्यांपुढे आली, आणि चाळीस जणांच्या बायकाही, ज्या माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आता हसत नव्हत्या.

मी उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आर्तिवान," मी म्हटलं, "म्होरक्या तख्सीच होईल, कारण त्यानं बुडबुडा बघितला आणि सांगितला. तू त्याच्या तांड्यात जाशील, आणि जाऊन येऊन दीड वर्ष पीठ मळशील. आणि वाटेत कुणी काही विकायला आलं, राजाचं म्हणो की देवाचं, तर आधी त्याला विचारायचं, हे कुणाच्या आईनं केलंय म्हणून."